वॉर्डातला तो दुसरा आवाज : मानसोपचारातल्या नर्सिंगची दोनशे वर्षं

घरातल्या कुणाला मानसोपचाराच्या वॉर्डात दाखल करायची वेळ आली, की नातेवाईक पहिले प्रश्न विचारतात ते डॉक्टरांबद्दल. डॉक्टर कोण आहेत? दिवसातून किती वेळा येतात? औषधं कुठली देणार? प्रश्न रास्तच आहेत. पण जरा हिशेब करून बघा. राउंडला आलेला डॉक्टर एका पेशंटजवळ काही मिनिटंच थांबतो. दिवसाचे उरलेले तास पेशंटच्या आसपास कोण असतं? सिस्टर, ब्रदर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा. रात्री दोन वाजता पेशंट दचकून उठतो, जेवणात विष घातलंय म्हणून ताट ढकलून देतो, किंवा चार दिवस गप्प राहून अचानक एकच वाक्य बोलतो, तेव्हा समोर हीच माणसं असतात.

अशा वेळी त्यांनी काय करायचं हे शिकवता येतं का, की ते मुळात अंगातच असावं लागतं? आणि त्यांच्या वागण्याबोलण्याने आजारात खरोखर फरक पडतो का? या दोन प्रश्नांचा पाठपुरावा म्हणजेच मानसोपचारातल्या नर्सिंगचा इतिहास. तो पेशंटच्या घरच्यांनाही माहीत असावा, कारण त्यातून हाती लागलेलं बरंचसं शहाणपण घरातही उपयोगी पडतं.

बेड्या नेमक्या कुणी काढल्या?

मानसोपचाराच्या पुस्तकांत एक चित्र हमखास सापडतं. फ्रेंच डॉक्टर फिलिप पिनेल पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मनोरुग्ण स्त्रियांच्या बेड्या काढायला लावत आहेत, असं ते चित्र. पिनेल मोठे होतेच, पण गोष्टीचा पहिला भाग या चित्रात नाही.

पॅरिसमध्येच बिसेत्र नावाचं दुसरं रुग्णालय होतं. तिथे ज्याँ-बातिस्त प्यूसाँ नावाचा एक कातडी कमावणारा कारागीर गंडमाळेच्या उपचारासाठी दाखल झाला होता. बरा झाल्यावर तो तिथेच नोकरीला लागला आणि पुढे मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. त्याची पत्नी मार्गारीत हीसुद्धा त्याच्याबरोबर काम करायची. पेशंटवर हात उगारायचा नाही, असा प्यूसाँचा दंडक होता. आजारातून बरे झालेल्या पेशंटना तो मदतनीस म्हणून कामावर घ्यायचा, कारण ते इतरांपेक्षा जास्त माणुसकीने वागतात हे त्याने पाहिलं होतं. १७९७मध्ये बिसेत्रमधल्या बेड्या त्याने काढल्या. तोपर्यंत पिनेल तिथून साल्पेत्रिएरला गेले होते. पुढे त्यांनी प्यूसाँला तिकडे बोलावून घेतलं आणि तिथल्याही बेड्या निघाल्या.

प्यूसाँने आपली निरीक्षणं लिहून पिनेल यांना दिली होती, आणि आपण या माणसाकडून पुष्कळ शिकलो हे पिनेल यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे पेशंटजवळ सतत वावरणाऱ्या माणसाकडे डॉक्टरकडे नसलेलं काही ज्ञान असतं, हे तेव्हाच दिसलं होतं. मात्र असं ज्ञान त्या माणसाबरोबरच संपून जायचं. ते पुढच्याला देण्याची काही सोय नव्हती.

‘राखणदारां’साठी पुस्तक

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत मोठमोठी वेड्यांची इस्पितळं उभी राहिली. तिथल्या कर्मचाऱ्यांचं काम मुख्यतः राखणदाराचं. कुलपं लावा, अंघोळी घाला, भांडणं सोडवा, कुणाला पळू देऊ नका. पगार तुटपुंजा आणि शिक्षण काहीच नाही.

स्कॉटलंडमध्ये डमफ्रीस इथल्या इस्पितळात डॉ. ब्राउन यांनी १८५४मध्ये या कर्मचाऱ्यांसाठी व्याख्यानं सुरू केली. असा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. १८८५मध्ये ब्रिटनमधल्या मनोविकार डॉक्टरांच्या संघटनेने त्यांच्यासाठी एक छोटं हस्तपुस्तक काढलं. लाल रंगाच्या वेष्टनामुळे ते ‘रेड हँडबुक’ म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. १८९१पासून परीक्षा आणि प्रमाणपत्रही सुरू झालं. अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात १८८२मध्येच मनोरुग्णांच्या परिचर्येची शाळा निघाली होती.

हा मोठा बदल होता, पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही पुस्तकं लिहिणारे डॉक्टर होते आणि शिकवणारेही डॉक्टरच. आज्ञा पाळणं, स्वच्छता ठेवणं, लक्ष ठेवणं, दिसेल ते कळवणं यावर भर होता. एका परिचारिकेने या विषयावर पाठ्यपुस्तक लिहायला १९२० साल उजाडलं. हॅरिएट बेली यांचं ते पुस्तक. तरीही पेशंटशी बोलायचं काय आणि कसं, हा प्रश्न उरलाच होता.

१९५२ : दोन घटना, एक वर्ष

मानसोपचाराच्या इतिहासात १९५२ हे वर्ष प्रसिद्ध आहे ते क्लोरप्रोमाझिन या औषधामुळे. पॅरिसमधल्या डॉक्टरांनी त्या वर्षी त्याचे परिणाम जगापुढे मांडले आणि तीव्र मनोविकारांवरच्या औषधांचं युग सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेत एका परिचारिकेचं पुस्तक प्रसिद्ध झालं. तिचं नाव हिल्डेगार्ड पेप्लाऊ.

पेप्लाऊ यांचा जन्म १९०९चा, पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग गावातला. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तापाच्या भरात बरळणारी माणसं त्यांनी लहानपणी पाहिली होती. नर्सिंग झाल्यावर त्यांनी मानसशास्त्र शिकून घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लष्करी मानसोपचार रुग्णालयात काम केलं. त्यांचं पुस्तक १९४८मध्येच लिहून तयार होतं. पण एका नर्सने डॉक्टरचं नाव सोबत न घेता पुस्तक काढावं हे तेव्हा पचण्यासारखं नव्हतं, म्हणून ते चार वर्षं रखडलं.

त्यांचं म्हणणं असं, की नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हेच उपचाराचं एक साधन आहे. हे नातं टप्प्याटप्प्याने घडतं. आधी दोघंही एकमेकांना परके असतात. मग ओळख होते, विश्वास बसतो, पेशंट त्या विश्वासाचा आधार घेऊन आपल्या अडचणीवर काम करतो, आणि शेवटी नर्सवाचून चालू लागतो. शेवटचा टप्पाही तितकाच महत्त्वाचा, कारण पेशंटला कायमचं अवलंबून ठेवणं हा उपचार नव्हे.

१९५४पासून रटगर्स विद्यापीठात त्यांनी हे शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थिनीने एका पेशंटबरोबर ठरलेला वेळ बसायचं आणि नंतर ते संभाषण शब्द न् शब्द लिहून काढायचं: पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणाले. मग शिक्षिकेबरोबर एकेक ओळ तपासायची. इथे तू विषय का बदललास? इथे त्याने विचारलं नसताना सल्ला का दिलास? तो रडू लागला तेव्हा तू घड्याळाकडे का पाहिलंस? अशा तपासणीतून बोलणं हे अभ्यासाने सुधारता येणारं कौशल्य झालं.

आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये आजही अशी वही लिहावी लागते. तिला ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ म्हणतात. वॉर्डात कुणी पांढऱ्या गणवेशातली मुलगी तुमच्या पेशंटजवळ बसून निवांत गप्पा मारताना दिसली, तर ती वेळ घालवते आहे असं समजू नका. कदाचित तो तिचा अभ्यास असेल आणि पेशंटचा उपचारही.

एकटं पडणं दोन्ही बाजूंनी असतं

त्याच १९५२ साली ग्वेन ट्यूडर या परिचारिकेचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मेरीलँडमधल्या चेस्टनट लॉज रुग्णालयात त्या काम करत होत्या. वॉर्डात कुणाशी न बोलणारे, कोपऱ्यात बसणारे पेशंट असतात. ‘तिला एकटं राहायचं असतं’ असं म्हणून कर्मचारी त्यांच्या वाटेला जात नाहीत. ट्यूडर यांनी पेशंटबरोबर कर्मचाऱ्यांच्याही वागण्याच्या नोंदी ठेवल्या. त्यातून दिसलं, की पेशंट जितका दूर जातो तितके कर्मचारी त्याला टाळतात, आणि ते टाळतात म्हणून तो आणखी दूर जातो. हे चक्र एका बाजूने तोडता येतं. नर्स ठरवून, नेमाने त्या पेशंटजवळ जाऊ लागली, तेव्हा पेशंटचंही वागणं बदलू लागलं.

पुढे एडिंबरोमध्ये ॲनी आल्टशुल यांनी वॉर्डातल्या नर्स आणि पेशंट यांच्यातल्या भेटी प्रत्यक्ष पाहून अभ्यासल्या. मूळच्या व्हिएन्नाच्या आल्टशुल नाझींच्या काळात निर्वासित म्हणून ब्रिटनमध्ये आल्या आणि तिथे नर्स झाल्या. १९७२मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासाने नर्सिंगच्या जगाला थोडं अस्वस्थ केलं. आपण पेशंटशी अमुक तऱ्हेने का बोललो, याचं शास्त्रीय कारण नर्सना सांगता येत नव्हतं. त्या आपापल्या व्यवहारज्ञानावर चालत होत्या. शिकवलेलं आणि घडणारं यात अंतर होतं, आणि ते अंतर एका नर्सनेच मोजून दाखवलं. संशोधनाची किंमत अशा वेळी कळते.

गोड बोलण्याची चाचणी

नव्या गोळीची चाचणी घेतात तशी चांगल्या वागण्याची घेता येईल का? लंडनमध्ये लेन बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी ती घेतली. बॉवर्स स्वतः मानसोपचारातले नर्स. १५ रुग्णालयांतले ३१ वॉर्ड त्यांनी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटात दहा साध्या गोष्टी सुरू केल्या. वॉर्डात एकमेकांकडून काय अपेक्षा आहे हे स्पष्ट लिहून लावायचं. नकार द्यायचा तर मऊ शब्दांत द्यायचा. वाईट बातमी, उदाहरणार्थ सुट्टी नाकारली गेल्याची, सांगितल्यावर पेशंटला एकटं सोडायचं नाही. ड्यूटी बदलताना प्रत्येक पेशंटबद्दल काहीतरी चांगलंही सांगायचं. घरी जाणाऱ्या पेशंटने नव्यांसाठी धीराचा एक निरोप लिहून वॉर्डात लावून जायचा.

२०१५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या वॉर्डांत भांडणं आणि आक्रमक प्रसंग १५ टक्क्यांनी कमी झाले. बांधून ठेवणं, धरून ठेवणं, जबरदस्तीने इंजेक्शन देणं अशा उपायांची गरज २६ टक्क्यांच्या आसपास कमी झाली. या पद्धतीला ‘सेफवॉर्ड्स’ म्हणतात. प्यूसाँला जे अनुभवाने जाणवलं होतं, त्याला आता आकड्यांचा आधार मिळाला.

आपल्याकडे

भारतात १९५४मध्ये बेंगळुरूला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ सुरू झालं. आजच्या निम्हान्सची ही पूर्वज संस्था. त्याच दशकात तिथे मानसोपचार नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रमही सुरू झाला. आज हा विषय प्रत्येक नर्सच्या शिक्षणाचा भाग आहे. पण खाटांच्या आणि पेशंटच्या मानाने या विषयात खास शिकलेली माणसं फारच थोडी.

ती उणीव आपल्याकडे घरच्यांनी भरून काढली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात पेशंटच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. पेशंटची काळजी कशी घ्यायची हे ते तिथेच शिकले आणि घरी घेऊन गेले. भारतीय मानसोपचाराची ही जगाला दिलेली मोठी देणगी आहे.

शिकलेली माणसं जिथे पोचत नाहीत तिथे काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे एका आसऱ्याला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आलं नाही. बिसेत्रमधल्या बेड्या निघून तेव्हा दोनशे वर्षं उलटली होती.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला साखळीने बांधायला आणि एकट्याला कोंडून ठेवायला बंदी केली. शारीरिक बंधन वापरायचं तर तात्काळ धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि तेही पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवून.

तुमच्या हातात काय आहे?

पेशंटला दाखल करताना हेही जरूर विचारा: रात्री ड्यूटीवर मानसोपचाराचा अनुभव असलेली नर्स असते का? पेशंट चिडला तर आधी काय करता? बांधावं लागलं तर आम्हाला कधी कळवाल?

घरी असताना पेप्लाऊ यांची एक शिकवण ध्यानात ठेवा. चिंता हलकी असते तेव्हा माणूस ऐकून घेतो, शिकतो. ती वाढत जाते तसं त्याला दिसणारं, ऐकू येणारं जग आक्रसत जातं. पूर्ण घाबरलेल्या माणसाला समजावणी पोचतच नाही. तेव्हा उपदेश करू नका, वाद घालू नका. आवाज खाली ठेवा, छोटी वाक्यं बोला, जवळ थांबा. आणि चिंता संसर्गासारखी पसरते, म्हणून आधी स्वतः एक खोल श्वास घ्या.

जो गप्प आहे त्याच्याजवळ रोज ठरावीक वेळी दहा मिनिटं बसा. तो बोलला नाही तरी बसा. औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. औषधाने आतला गलका शमतो, तेव्हाच बाहेरचा आवाज ऐकू येऊ लागतो. त्या वेळी बोलायला कुणीतरी जवळ असायला हवं.

कधीही गरज वाटली, पेशंटसाठी किंवा त्याची काळजी घेऊन थकलेल्या तुमच्यासाठी, तर सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६.