दमलेल्या हृदयाची औषधे

आमच्या थोरल्या बंधूंचे हृदय दुर्बल झाले, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांत हृदयाची गती मंद करणारीही एक होती. "दमलेल्या बैलाचा कासरा आणखी कशाला खेचायचा?" असे म्हणून त्यांनी ती परस्पर बंद केली. दोन महिन्यांत पुन्हा इस्पितळ गाठावे लागले. त्यांचा प्रश्न मात्र अडाणीपणाचा नव्हता. एके काळी खुद्द वैद्यकशास्त्राचाही हाच समज होता.

१७७५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरापुढे श्रॉपशायरमधील एका वृद्धेच्या घरगुती औषधाची कृती आली. वीसएक वनस्पतींतून त्याने फॉक्सग्लोव्ह ही नेमकी हेरली, दहा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८५ साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांत अपयशही लपविले नाही. हेच डिजिटॅलिस. पुढे दीर्घकाळ सूज उतरली, धाप थांबली की औषध लागू पडले, हीच कसोटी राहिली. थकल्या हृदयास जोर द्यावा, हा तर्क सरळच होता.

त्या तर्कास तडा गेला तो मोजणीने. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडावयाचे, एकास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी द्यावयाची आणि जगले किती ते पाहावयाचे. १९८७ साली स्कँडिनेव्हियातील २५३ अत्यवस्थ रुग्णांत सहा महिन्यांअखेर निरुपद्रवी गोळीच्या गटातील शेकडा ४४, तर एनालाप्रिल घेणाऱ्यांतील २६ दगावले. उलट १९९१ साली हृदयास जोर देणाऱ्या मिलरिनोनच्या गोळ्यांनी मृत्यू वाढल्याचे आढळले. १९९७ साली ६८०० रुग्णांच्या पाहणीत डिजॉक्सिनने इस्पितळाच्या खेपा कमी केल्या, आयुष्य वाढविले नाही.

आणि ती गती मंद करणारी गोळी? दुर्बल हृदयास बीटा ब्लॉकर निषिद्ध मानले जात असता १९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी सात रुग्णांना ते देऊन गुण आल्याचे मांडले. फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९९९ साली २६४७ रुग्णांच्या चाचणीत बिसोप्रोलोलने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटविले, तेव्हा शंका फिटली. थकलेल्या हृदयावर शरीरच ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा चाबूक ओढीत असते. ही गोळी तो चाबूक आवरते.

आज डॉक्टर इको काढून पंपशक्ती पाहतात. ती घटलेली असल्यास चार गटांतील औषधे योजतात. त्यांतील एक गट तर मूळचा मधुमेहावरचा. रक्तदाब, नाडी, मूत्रपिंड व पोटॅशियम पाहून अल्प मात्रेने प्रारंभ करतात. सुजेसाठी लघवीची गोळी असते. तिचा आराम त्वरित जाणवतो, इतरांचा गुण सहसा हळूहळू येतो. म्हणूनच घरोघरी त्याच आधी बंद होतात.

हयातभर सरकारी नोंदवह्या सांभाळलेल्या आम्हांस यात एक गोष्ट पटली. बंधूंच्या त्या गोळीमागे हजारो अनोळखी रुग्णांचा हिशेब उभा आहे. शंका आल्यास डॉक्टरांना अवश्य विचारावे. गोळी मात्र परस्पर सोडू नये. बंधू आता ती नेमाने घेतात.