टाळेबंदी, तमाशा आणि पंधरा वर्षांचा पुरावा

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. तमाशाच्या धंद्यात पाडव्याला काय किंमत असते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच या योगायोगाचा अर्थ कळेल. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावची मंडळी येतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या देतात. फडमालक कर्ज काढून कलावंतांना उचल देतो आणि जत्रांच्या कमाईतून ते फेडतो. जत्रा बंद झाल्या की कर्ज मालकाच्या अंगावर येते आणि उचल कलावंताच्या.

पुढे १४ एप्रिल आला. भीमजयंती आपण घरातच साजरी केली, आणि ते योग्यच होते. पण जयंतीच्या दिवसांतल्या कार्यक्रमांवर घर चालवणारे भीमगीत गायक, ढोलकीवाले, पेटीवाले यांच्या चुलीचे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

त्या काळात जगातली सरकारे काय करत होती ते पाहा. जर्मनीने जून २०२० मध्ये संस्कृती क्षेत्रासाठी १ अब्ज युरो जाहीर केले. ब्रिटनने जुलैमध्ये १.५७ अब्ज पौंडांचा निधी उभारला. अमेरिकेने डिसेंबरमध्ये बंद पडलेल्या नाट्यगृहांसाठी आणि संगीतगृहांसाठी १५ अब्ज डॉलर मंजूर केले. तिथेही सगळे आलबेल नव्हते. पैशाचा मोठा वाटा इमारतींकडे आणि नोंदणीकृत संस्थांकडे गेला, आणि सुटे काम करणारे कलावंत तक्रार करत राहिले.

महाराष्ट्र सरकारने २०२१ च्या उत्तरार्धात सुमारे ५६,००० कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपयांची एकरकमी मदत ठरवली. दीड वर्षावर वाटली तर महिन्याला ३०० रुपयेही होत नाहीत. आणि तेवढ्यासाठीसुद्धा रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि कलेत १५ वर्षे काम केल्याचा पुरावा हवा होता.

हा पुरावा कोणाकडे असतो? ज्याचे नाव छापील पत्रिकेत येते, ज्याला मानपत्र मिळते, त्याच्याकडे. फडात सोंगाड्याला साथ देणाऱ्याकडे, कनात बांधणाऱ्याकडे, उचलीवर नाचणाऱ्या बाईकडे काय कागद असणार? तमाशा पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या जातींनी जगवला. त्यांची कला ‘लोकांची’ म्हणून मिरवायची आणि त्यांचे श्रम मात्र कागदावर येऊ द्यायचे नाहीत, हा जुनाच व्यवहार आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, तरी त्यांचे म्हातारपण हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या आणि नंतर शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला.

काही जण म्हणतील, माणसे मरत असताना गाण्याबजावण्याला पैसा कशाला? मुद्दा गाण्याचा नाहीच, मजुरीचा आहे. गिरणी बंद पडली तर कामगार उपाशी राहतो, हे आपल्याला लगेच कळते. मग फड बंद पडला तर वेगळे काय होते? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळत होते. कामगाराला संरक्षण मिळते ते हक्क म्हणून, कोणाची दया म्हणून नाही, हीच त्या कामामागची भूमिका होती. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसाकारांनी ही चळवळ गावकुसाबाहेर पोचवली. त्यांच्या वारसांना आपण केवळ मंचावरची शोभा मानणार का?

म्हणून पुढच्या आपत्तीची वाट न पाहता काम सुरू करू या. आपापल्या तालुक्यातल्या कलावंतांची यादी करा. जयंती मंडळाने कार्यक्रम ठेवला तर गायक-वादकांना मानधनाची लेखी पावती द्या. तीच उद्या त्यांचा पुरावा ठरेल. असंघटित कामगार म्हणून त्यांची ई-श्रम नोंदणी करून द्या. आणि शासनाकडे मागणी करा की मदत संस्थेच्या नव्हे, कलावंताच्या स्वतःच्या खात्यात जावी, बाईची बाईच्या खात्यात.

जय भीम!