यात्रेकरूने उतरावे कोठे?

यात्रेला जाण्याचा बेत घरात ठरला म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो दर्शनाचा नव्हे, उतरण्याचा. बरोबर वृद्ध माणसे व लहान मुले असतात, गावात माणसांचा पूर लोटलेला असतो. अशा वेळी रात्री पाठ टेकावयास जागा कोठे मिळेल याची विवंचना प्रथम पडते. इतिहासग्रंथांत या प्रश्नास स्थान नसते. सैन्याचा तळ कोठे पडला हे त्यांत मिळते. यात्रेकरूने वळकटी कोठे सोडली हे मिळत नाही. तथापि परक्या माणसास एखादा समाज कोणत्या अटीवर आपल्या छपराखाली घेतो, हे पाहिले म्हणजे त्या समाजाचे अंतरंग पुष्कळच उघड होते. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर या दृष्टीने विचार करण्याजोगे क्षेत्र आहे.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस तेथे घटस्थापना होते, दशमीस सीमोल्लंघन होते आणि कोजागिरी पौर्णिमेस सोलापूरकडून व कर्नाटकातून पायी येणाऱ्या भक्तांनी घाट फुलून जातो. भवानीची मूर्ती चल असल्यामुळे वर्षातून ठराविक काळी ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजविण्याची प्रथा आहे. दसऱ्यानंतर ती ज्या पलंगावर विसावते, तो अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या बाजूने भक्तगण वाजतगाजत आणतात. प्रत्यक्ष देवीच्या निद्रेची तजवीज जेथे बाहेरगावच्या लोकांकडे आहे, तेथे बाहेरगावच्या लोकांच्या निद्रेची तजवीज कोणी करावी?

जुन्या काळी याचे उत्तर ठरलेले होते. तुळजापुरात भोपे, पाळीकर व उपाध्ये असे सेवेकऱ्यांचे वर्ग आहेत, आणि ज्या कुळाची ही देवी, त्या कुळाचा पुजारीही परंपरेने ठरलेला असे. यात्रेकरूने त्याच्याच घरी उतरावयाचे. त्याच्या ओसरीवर पथारी पसरावी, त्याच्याच चुलीवर पुरणाचा नैवेद्य व्हावा, गोंधळ्यास बोलावणे त्यानेच धाडावे, आणि निघतेवेळी यजमानाने यथाशक्ति दक्षिणा ठेवावी, अशी ही रीत होती. तीत जागेची निवड नव्हती, तसा भाड्याचा करारही नव्हता. आजोबा जेथे उतरले तेथेच नातू उतरे. गर्दीत मूल चुकले अथवा कोणास ताप भरला, तर धाव घेण्यास एक ओळखीचे दार असे. आजही पुष्कळ कुटुंबांनी हा ऋणानुबंध सोडलेला नाही, आणि तो का सोडवत नाही हे उघड आहे.

परंतु या व्यवस्थेचा सारा डोलारा ओळखीवर उभा होता. ज्याची ओळख नाही त्याने झाडाखाली रात्र काढावी. आणि ज्याची ओळख पटली म्हणजेच दार बंद होई, त्याने काय करावे? १९१७ साली परदेशी विद्यापीठांतून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना कोणी बिऱ्हाड देईना. अखेर नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले, आणि खरी जात कळताच त्यांना तेथूनही बाहेर पडावे लागले. एवढ्या मोठ्या विद्वानाची ही गत, तर खेड्यातून पायी निघालेल्या त्यांच्या निरक्षर बांधवांची काय कथा! जुन्या यात्रेतील घरगुती जिव्हाळ्याचे गोडवे गाताना ही बाजू झाकून चालणार नाही.

पुढे दळणवळणाने काळ पालटला. १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे गेलेला हा मुलूख १८६० साली निजामाकडे परत आला, आणि त्याच वर्षी आगगाडी सोलापुरास पोहोचली. तेव्हापासून दूरदूरचा यात्रेकरू इंग्रजी हद्दीत गाडीतून उतरावा आणि सुमारे ४५ किलोमीटरची वाट तुडवून निजामी हद्दीतील घाट चढावा, हे शक्य झाले. आगगाडीने गर्दी वाढविली, तशी पटकीची भीतीही सर्वच क्षेत्रांत वाढविली. १८८४ साली रॉबर्ट कॉखने कलकत्त्यास पटकीच्या जंतूंचा छडा लावला. तेव्हापासून उताऱ्याची जागा पाहणे म्हणजे छप्पर पाहणे एवढेच न राहता, पाणी कोठले आणि शौचकूप कोठे, हे पाहणेही झाले.

ओळखीची अट मात्र आगगाडीने मोडली नाही; ती कायद्यास मोडावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अंमल संपला. १९५० च्या राज्यघटनेने खाणावळी, उपाहारगृहे व पाणवठे यांवर जातीवरून मज्जाव करण्यास बंदी घातली, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने धर्मशाळा व मुसाफिरखाने यांची दारे नाव घेऊन उघडली. आज तुळजापुरात भक्तनिवास आहेत, लॉज आहेत, आणि घरबसल्या खोली राखून ठेवण्याची सोयही आहे. खोली देणारा कुळ विचारीत नाही. तो पैसे विचारतो. ही उन्नती खरीच आहे. मात्र उत्सवाच्या दिवसांत मागणी वाढली की भाडेही वाढते, आणि जातीने अडविलेला मनुष्य जेथे रात्र काढी, तेथेच आता दारिद्र्याने अडविलेला मनुष्य पडून राहतो.

हे केवळ देवक्षेत्रांतच घडते असे नव्हे. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, द्राक्षमळ्यांच्या मुलखात, बोन नावाचे गाव आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तेथे मद्याचा प्रसिद्ध लिलाव होतो आणि तीन दिवस उत्सव चालतो. त्या वेळी येणाऱ्यांनाही खोलीची हीच चिंता पडते. पण त्या लिलावाचे मूळ पाहण्यासारखे आहे. १४४३ साली निकोला रोलँ नामक मंत्र्याने व त्याच्या पत्नीने तेथे दरिद्री रोग्यांसाठी एक आश्रयस्थान स्थापिले. भाविकांनी त्यास द्राक्षमळे दान दिले, आणि त्या मळ्यांच्या मद्याचा जाहीर लिलाव १८५९ पासून होत आला आहे. उत्पन्न जाते ते रुग्णसेवेकडे. ज्या उत्सवासाठी धनिक लोक महागड्या खोल्या घेतात, तो उत्सवच गरिबाच्या खाटेचा खर्च चालवितो.

आपल्याकडे या कल्पनेची वाण नाही. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेले घाट व धर्मशाळा याच बुद्धीच्या होत. म्हणून यात्रेस निघणाऱ्या कुटुंबाने कुळाच्या पुजाऱ्याकडे उतरावे की भाड्याची खोली घ्यावी, हे आपला ऋणानुबंध, घरातील वृद्ध आणि तेथील पाणी पाहून खुशाल ठरवावे. दोन्ही मार्ग योग्यच आहेत. परंतु कोजागिरीच्या रात्री पायी आलेल्या बाईस कोरडी जमीन, स्वच्छ पाणी आणि आडोसा मिळाला की नाही, याचीही त्याने चौकशी करावी, आणि आपल्या खोलीच्या भाड्याबरोबर त्या सार्वजनिक निवाऱ्याचाही थोडा वाटा उचलावा. देवीच्या दारी आलेला मनुष्य गावाचा पाहुणा असतो. त्याची सोय कोणी केली, यावरूनच पुढील इतिहासकार आपली परीक्षा करील.