रस्त्यावरील छायाचित्रण

शहरातील रस्ते, बाजार, चौक, रेल्वेची स्थानके व डबे अशा सार्वजनिक ठिकाणी चाललेले लोकांचे नित्य जीवन, त्याची पूर्वमांडणी न करता टिपणारा छायाचित्रणाचा एक प्रकार. व्यक्तिचित्रणात चित्रविषय होणारी व्यक्ती स्वतःहून कॅमेऱ्यासमोर बसते. वृत्तछायाचित्रणात घटना महत्त्वाची असते. या प्रकारात मात्र बहुधा काहीच ‘घडत’ नसते. गाडीची वाट पाहणारा कारकून, पदपथावर झोपलेला हमाल, डब्यात भाजी निवडणारी स्त्री हेच त्याचे विषय होत. त्यामुळे त्याचा इतिहास कलेचा आहे तितकाच तो पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील संबंधांचाही आहे. महाराष्ट्रात हा इतिहास प्रामुख्याने मुंबई शहरात घडला.

छायाचित्रणाच्या आरंभकाळी रस्ता टिपता येत असे, पण रस्त्यावरील माणूस टिपता येत नसे. फ्रेंच संशोधक ल्वी दागेर (१७८७–१८५१) याने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधील एका वर्दळीच्या हमरस्त्याचे चित्र घेतले. त्यासाठी काच-भिंग इतका वेळ उघडे ठेवावे लागले, की धावत्या गाड्या व पादचारी यांचा मागमूसही पट्टिकेवर उमटला नाही. बूट साफ करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक गृहस्थ तेवढा चित्रात राहिला. रस्त्यावर छायाचित्रित झालेल्या पहिल्या ज्ञात माणसाला हा मान निव्वळ स्थिर उभे राहिल्यामुळे मिळाला.

मुंबईत छायाचित्रणाची कला फार लवकर आली. १८५४ मध्ये येथे ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये लवकरच छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण हे या वर्गात शिकून व्यवसायात उतरलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. नारायण दाजींनी शहरातील निरनिराळ्या जातिजमातींच्या व व्यवसायांच्या लोकांची चित्रे घेतली. त्यांपैकी काहींचा उपयोग विल्यम जॉन्सन याने मुंबईतील रहिवासी व आगंतुक लोकांविषयीच्या आपल्या ग्रंथात केला. हा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये लंडनमध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

या ग्रंथातील चित्रांची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. वरवर पाहता त्यांत मुंबईच्या एखाद्या परिचित स्थळासमोर उभी असलेली माणसे दिसतात. प्रत्यक्षात ती माणसे वेगळी छायाचित्रित केलेली असून त्यांच्या आकृती दुसऱ्या चित्रातील दृश्यावर बसवून छापलेल्या आहेत. ओल्या काचेच्या कलोडियन पद्धतीत वर्दळीच्या रस्त्यावर स्पष्ट चित्र घेणे कठीण असे, हे त्याचे तांत्रिक कारण. पण केवळ तेवढेच नव्हे. व्यक्तीला तिच्या कामातून व सोबत्यांतून उचलून एका ‘जाती’चा वा ‘धंद्या’चा नमुना म्हणून मांडण्याची त्या काळच्या राज्यकर्त्यांची व विद्वानांची दृष्टीही त्यामागे होती. माणसाचे नाव त्यात नसते, वेष व अलंकार तेवढे नेमके असतात. हे काम भारतीय छायाचित्रकाराच्या हातूनही घडावे, ही गोष्ट अभ्यासकांना आजही विचारात पाडते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाल्यावर कॅमेरा प्रथमच मोठ्या प्रमाणावर गल्ल्याबोळांत व चाळींत शिरला. प्लेग निवारणाच्या कामाची नोंद म्हणून कॅप्टन सी. मॉस आदींनी घेतलेल्या छायाचित्रांचे संग्रह तयार करण्यात आले. घरे धुऊन काढणारी पथके, रुग्णालये, विलगीकरणाच्या छावण्या आणि तपासणीसाठी थांबविलेले रेल्वेचे प्रवासी त्यांत आढळतात. दैनंदिन जीवन विस्कटलेल्या शहराची ही चित्रे अमोल आहेत. मात्र त्यांतील माणसांना छायाचित्र नाकारण्याची मुभा नव्हती. नाडी पाहणारा अधिकारी आणि चित्र घेणारा अधिकारी एकाच सत्तेचे प्रतिनिधी होते.

हातात धरता येणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे ही परिस्थिती पालटली. जॉर्ज ईस्टमन याचा ‘कोडॅक’ कॅमेरा १८८८ मध्ये आला. लंडनमध्ये पॉल मार्टिन (१८६४–१९४४) याने १८९० नंतरच्या दशकात लपवून नेता येणाऱ्या कॅमेऱ्याने फेरीवाले व रस्त्यावरची मुले टिपली. १९२५ मध्ये विक्रीस आलेल्या ‘लायका’ या लहान जर्मन कॅमेऱ्याने व त्यातील ३५ मिमी. फिल्मने छायाचित्रकाराला खऱ्या अर्थाने पादचारी बनविले.

मुंबईतील या कालखंडाचे प्रातिनिधिक नाव होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे होय. नवसारी येथे जन्मलेल्या होमाईंनी मुंबईत सेंट झेव्हिअर महाविद्यालयात व सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले. छायाचित्रणाचे धडे त्यांना माणेकशा व्यारावाला यांच्याकडून मिळाले. पुढे उभयतांचा विवाह झाला. स्त्रियांच्या एका मंडळाच्या सहलीची त्यांनी घेतलेली चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली व प्रत्येक चित्रास एक रुपया दिला. त्यानंतर कलाशाळेतील मैत्रिणी व शहरातील नित्याचे व्यवहार यांची अनेक चित्रे त्यांनी घेतली. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’मध्ये यांतील कित्येक चित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या. पंडित नेहरू व इतर राष्ट्रीय नेत्यांची त्यांनी घेतलेली चित्रे एवढी गाजली, की त्यांचे मुंबईतील आरंभीचे काम दीर्घकाळ झाकोळून गेले. वस्तुतः स्त्रीच्या नजरेने पाहिलेले तत्कालीन मुंबईचे सामान्य जीवन त्यातच आढळते. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला.

रस्त्यावरील छायाचित्रणाची एक स्वतंत्र शाखा शहरी रेल्वेच्या डब्यात वाढली. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर एव्हान्स (१९०३–७५) याने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील प्रवाशांची चित्रे घेतली. कोटाच्या दोन गुंड्यांमधून फक्त भिंग बाहेर डोकावेल अशा रीतीने तो कॅमेरा छातीशी बांधी. त्याची चकाकणारी बाजू त्याने काळ्या रंगाने रंगविली होती आणि झडप उघडण्याची तार बाहीतून हातापर्यंत आणली होती. समोरच्या बाकावर कोण येऊन बसेल हे त्याच्या हाती नव्हते. भिंगातून पाहून चौकट ठरविणेही शक्य नव्हते. हेलन लेव्हिट (१९१३–२००९) ही तरुण छायाचित्रकर्ती कित्येकदा त्याच्या सोबत असे. चेहऱ्यावरील मुखवटा गळून पडलेली माणसे आपल्याला या डब्यांतच सापडली, असा त्याचा अनुभव होता. तथापि ही चित्रे त्याने जवळजवळ पंचवीस वर्षे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली नाहीत. ‘मेनी आर कॉल्ड’ हा त्याचा ८९ चित्रांचा संग्रह १९६६ मध्ये निघाला. चोरून घेतलेल्या चित्राविषयीचा त्याचा संकोच हे या विलंबाचे एक कारण मानले जाते. ब्रूस डेव्हिडसन याने १९८० नंतर त्याच रेल्वेत नेमका उलट मार्ग अनुसरला. रंगीत फिल्म व प्रखर झोत वापरून, बहुधा प्रवाशांशी बोलून आणि जवळ बाळगलेला आपल्या चित्रांचा लहानसा संग्रह त्यांना दाखवून त्याने काम केले. त्याचा ‘सबवे’ हा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतात भुयारी रेल्वे कोलकात्यात १९८४ मध्ये व मुंबईत २०२४ मध्ये सुरू झाली. परंतु न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वेला जे सामाजिक स्थान आहे, ते मुंबईत उपनगरी गाडीला, म्हणजे ‘लोकल’ला, त्यापूर्वीच प्राप्त झालेले होते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हा विजेवरील गाडीचा मार्ग सुरू झाला. छायाचित्रकाराच्या दृष्टीने लोकल आणि भुयारी गाडी यांत मोठा फरक आहे. लोकलला उघडी दारे असतात, त्यांतून ऊन व पाऊस आत येतो आणि प्रकाश क्षणोक्षणी बदलतो. गर्दी इतकी असते, की समोरचा प्रवासी चौकटीत मावेल एवढे अंतरच मिळत नाही. उलट, येथील प्रवासी एकमेकांना सर्वस्वी परके नसतात. ठरलेल्या गाडीचे ठरलेले गट, डब्यातील भजनी मंडळे, ‘चौथ्या सीट’वर टेकण्यासाठी होणारी विनंती, दसऱ्याच्या सुमारास डब्यात बांधली जाणारी तोरणे व होणारी पूजा यांमुळे डबा हा एक फिरता शेजार बनतो. एव्हान्सच्या चित्रांतील एकाकीपणा येथे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

लोकलच्या गर्दीची जगभर पोहोचलेली चित्रे मात्र स्थानकाची आहेत, डब्यातील नव्हेत. १९९५ मध्ये चर्चगेट स्थानकात ब्राझीलचा छायाचित्रकार सेबास्तियाओ सालगादो (१९४४–२०२५) व भारतीय छायाचित्रकार रघू राय या दोघांनीही भिंग अधिक वेळ उघडे ठेवण्याच्या पद्धतीने चित्रे घेतली. सालगादोच्या चित्रात गाड्यांतून उतरलेला समुदाय एखाद्या प्रवाहासारखा विरघळलेला दिसतो. रघू राय यांच्या चित्रात गर्दी अशीच धूसर झाली आहे, परंतु तिच्या मध्यभागी वर्तमानपत्र वाचत बसलेली माणसे स्पष्ट उमटली आहेत. दागेरच्या चित्रात जे तंत्राच्या मर्यादेमुळे घडले, तेच येथे हेतुपूर्वक साधले आहे. दोहोंत राय यांचे चित्र अधिक सरस वाटते, कारण त्यात गर्दीतही माणूस शिल्लक राहतो.

मुंबईच्या रस्त्यांचे चित्रण १९७० नंतर अनेकांनी सातत्याने केले. सूनी तारापोरवाला यांनी पारशी समाजाबरोबरच शहराचेही चित्रण १९७६ पासून चार दशके केले. पाब्लो बार्थोलोम्यू यांनी १९७० व १९८० या दशकांतील मुंबई कृष्णधवल चित्रांत टिपली. रघुबीर सिंग (१९४२–९९) यांनी रंग हाच भारतीय रस्त्याचा गाभा मानला. त्यांचा मुंबईवरील ग्रंथ १९९४ मध्ये निघाला. केतकी शेठ यांचा रस्त्यावरील चित्रांचा संग्रह ‘बॉम्बे मिक्स’ या नावाने २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुधारक ओलवे (पद्मश्री, २०१६) यांचे काम यांहून निराळे आहे. महानगरपालिकेच्या सफाई कामगारांबरोबर अनेक वर्षे वावरून त्यांनी गटारात उतरणारे व कचरा उपसणारे हात चित्रित केले. रस्ता ज्यांच्या श्रमाने स्वच्छ राहतो ती माणसे रस्त्याच्या सुंदर चित्रांत क्वचितच दिसतात, ही उणीव त्यांच्या कामाने प्रकर्षाने जाणवून दिली.

डब्यातील जीवनाचे उल्लेखनीय चित्रण अनुश्री फडणवीस यांनी २०१० नंतरच्या दशकात स्त्रियांच्या डब्यात केले. पुरुष छायाचित्रकारास हा डबा बंदच असतो. भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्याने घेतलेल्या या चित्रांत पेंगणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, दाराशी वारा घेणाऱ्या स्त्रिया दिसतात. घर आणि कचेरी यांच्या मधला हा तास-दीड तास अनेकींच्या दिवसातील एकमेव स्वतःचा वेळ असतो. अशा वेळी घेतलेले चित्र आपुलकीचे की आगंतुक, हे चित्रकर्ती त्याच बाकावर बसणारी आहे की नाही यावर बरेच अवलंबून असते. हाँगकाँगमधील आंदोलनाच्या चित्रांसाठी ‘रॉयटर्स’च्या चमूला २०२० मध्ये पुलिट्झर पारितोषिक मिळाले. फडणवीस त्या चमूत होत्या.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री स्थानकावरील छायाचित्राला अगदी वेगळा अर्थ प्राप्त झाला. ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार सेबास्टियन डिसूझा गोळीबाराचा आवाज ऐकून छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये गेले. फलाटावर उभ्या गाडीच्या डब्यांचा आडोसा घेऊन त्यांनी हल्लेखोर अजमल कसाब याची चित्रे घेतली. ती चित्रे न्यायालयात पुरावा म्हणून सादर झाली व डिसूझा यांनी साक्ष दिली. या घटनेनंतर स्थानकांत कॅमेरा घेऊन वावरणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, हा या प्रसंगाचा दुसरा परिणाम होय. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय दिला. सार्वजनिक जागी असलेल्या व्यक्तीचा हा हक्क कोठवर पोहोचतो, हा प्रश्न त्यामुळे छायाचित्रकारांपुढेही उभा आहे.

खानदेशात छायाचित्रण दीर्घकाळ घराच्या आतच राहिले. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–८९) हे येथील सर्वांत ख्यातनाम छायाचित्रकार. रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यातून ते क्वचितच बाहेर पडले. साध्या वस्तू मेजावर मांडून त्यांतून निसर्गदृश्यांचा आभास निर्माण करणाऱ्या छायाचित्रणात त्यांचा हातखंडा होता. हाकेच्या अंतरावरील स्थानकात माणसांचा पूर लोटत असता त्यांनी जग मेजावर उभे केले, हा विरोध मार्मिक आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा, नंदुरबार, अमळनेर अशा गावांत छायाचित्रकार म्हणजे मुख्यत्वे विवाह व ओळखपत्रांची चित्रे घेणारा दुकानदार असे. त्याच्या दुकानात रंगविलेल्या पडद्यासमोर उभा केलेला ग्राहक जॉन्सनच्या ग्रंथातील आकृतींची आठवण करून देतो. फरक एवढाच, की येथे पडदा ग्राहक स्वतः निवडी. नंदुरबार-दोंडाईचा भागातील मिरचीच्या पथाऱ्यांची लालभडक चित्रे वृत्तपत्रांत दर हंगामात झळकतात. त्यांत रंग असतो. ठसका आवरण्यासाठी तोंडाला फडके बांधून मिरची पसरणाऱ्या स्त्रिया बहुधा लाल रंगातील ठिपक्यांएवढ्याच दिसतात. फिल्मचा वापर थांबल्यावर गावोगावच्या जुन्या दुकानांतील निगेटिव्हचे गठ्ठे निरुपयोगी म्हणून टाकून देण्यात आले. बाजाराचा दिवस, यात्रा, पोळ्याची मिरवणूक अशी रस्त्यावरची चित्रे जी काही असतील, ती या गठ्ठ्यांतच होती.