वसईची घंटा आणि तुमचा नवा फोन: जुन्या भागांची गोष्ट

१/ नव्या कोऱ्या म्हणून घेतलेल्या उपकरणात जुने भाग असतात काय? हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु त्याची उकल जूचंद्रच्या चंडिकादेवीच्या डोंगरापासून पश्चिमेला, काही किलोमीटरांवरील वसईच्या किल्ल्यापासून सुरू करता येते.

२/ मे १७३९. चिमाजीअप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांनी वसई सोडली. तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या, असे परंपरा सांगते. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९, मेणवलीच्या घंटेवर १७०७, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे वर्ष कोरलेले आहे. नारोशंकराचे देऊळ १७४७ चे. म्हणजे घंटा देवळाहून वडील!

३/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. वस्तू आहे तशीच पुन्हा वापरणे हा पुनर्वापर. ती वितळवून धातू घेणे हे पुनर्चक्रण. घंटेच्या काशात कथील साधारण पाचवा हिस्सा, तोफेच्या धातूत दहावा. घंटेची तोफ करायची तर वितळवून तांबे मिसळावे लागे. टांगायला मात्र एक तुळई पुरे.

४/ आता इलेक्ट्रॉनिक्स. येथे पुनर्चक्रण उघड चालते, आणि कंपन्या ते मिरवतातही. २०१८ च्या मॅकबुक एअरचे आवरण पूर्णतः पुनर्चक्रित ॲल्युमिनियमचे होते. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदके जुन्या उपकरणांतील धातूंतून घडली. त्यासाठी ६२ लाखांहून अधिक फोन जमा झाले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत सोने, तांबे, लोह व ॲल्युमिनियम यांच्या पुनर्प्राप्तीची दखल आहे. धातूला वय नसते. शुद्ध केलेले तांबे खाणीतले की भंगारातले, हे परिपथाला कळत नाही.

५/ अख्ख्या चिपचे तसे नाही. ती मंडळावरून काढताना तापते, ओल धरते, पाय वाकतात. कामाचे तास तर आधीच खर्ची पडलेले. २०१२ साली अमेरिकी सिनेटच्या समितीने लष्करी पुरवठ्यातील सुमारे १,८०० संशयित प्रकरणे नोंदवली. सुटे भाग दहा लाखांवर. भंगारातल्या चिपा उकलायच्या, धुवायच्या, पाठीवरची अक्षरे घासून नवी छापायची आणि नव्या म्हणून विकायच्या, अशी ती रीत. पी-८ए या सागरी टेहळणी विमानाच्या बर्फसूचक यंत्रणेत असाच एक वापरलेला भाग आढळला.

६/ तेव्हा खोक्यावर ‘नूतनीकृत’ असे छापलेले असेल तर बिचकण्याचे कारण नाही. किंमत आणि हमी तेवढी पाहावी. घोर लावतो तो घासलेला शिक्का. मेणवलीला गेलात तर घंटेकडे जरा जवळून पाहा: बाळ येशूला घेतलेली मेरी अजून तिथेच आहे. कोणी ती घासली नाही.