न बोलणाऱ्या रुग्णाचे डोळे : गुरांच्या नेत्ररोगविषयक लेखनाचा तौलनिक विचार

वैद्यकीय लेखनाच्या इतिहासात रुग्णाच्या कथनाला मोठे स्थान आहे. डोळ्यात सलते, अंधुक दिसते, रात्री दिसत नाही, हे माणूस सांगतो आणि त्या सांगण्यापासून वैद्याचे लेखन सुरू होते. गुरांच्या बाबतीत हा आरंभबिंदूच उपलब्ध नसतो. एका डोळ्याने अधू झालेला बैल ठरावीक बाजूने अंग चोरतो, गव्हाणीला धडकतो, उजेडाकडून मान फिरवतो. त्याच्या रोगाचे वर्णन सर्वस्वी पाहणाऱ्यावर अवलंबून राहते. म्हणूनच गुरांच्या नेत्ररोगांविषयीचे प्राचीन लेखन पशुवैद्यकाप्रमाणेच साहित्याभ्यासालाही महत्त्वाचे ठरते. रोग कोणी पाहिला, तो कोणत्या वाक्यरचनेत नोंदवला गेला आणि त्या रचनेतून उपचाराला कोणती दिशा मिळाली, हे प्रश्न येथे एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

या परंपरेतील सर्वांत जुन्या उपलब्ध लेखनांपैकी एक इजिप्तमध्ये मिळाले. फ्लिंडर्स पेट्री यांनी 1889 मध्ये फैयूमजवळील लाहून येथे केलेल्या उत्खननात बाराव्या राजवंशाच्या काळातील पपायरसांचा मोठा संग्रह हाती आला. त्यात पशुचिकित्सेवरील एक खंडित लेख होता. फ्रान्सिस ग्रिफिथ यांनी हा संग्रह 1898 मध्ये प्रसिद्ध केला. संग्रहातील इतर वैद्यकीय लेखन जलद हस्तलिपीत आहे. हा लेख मात्र चित्रलिपीच्या वळणाच्या अक्षरांत, उभ्या ओळींत लिहिलेला आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला गुरांचे औषध हा विषय भारदस्त लिपीस पात्र वाटला असावा, असे अनुमान त्यावरून करता येते.

या लेखाची वाक्यरचना विशेष लक्षणीय आहे. लिहिणारा प्रथमपुरुषात बोलतो: आपण बैल अशा अशा अवस्थेत पाहिला तर, असा त्याचा आरंभ असतो. मग लक्षणे येतात. डोळे पाझरतात, दातांची मुळे लाल होतात, मान सुजते. त्यानंतर मंत्र म्हणावा, जनावराला कुशीवर निजवावे, थंड पाणी शिंपडावे, डोळे व सर्वांग काकडीच्या वर्गातील फळांनी चोळावे, धुरी द्यावी, असा क्रम आहे. तेवढ्याने भागले नाही तर नाकाला व शेपटीला छेद देऊन रक्त काढायचे. तरीही उतार पडला नाही, तर विस्तवाचा संस्कार केलेल्या लिननच्या पट्टीने दोन्ही डोळे बांधायचे, म्हणजे त्यांचे पाझरणे थांबेल. छेद दिल्यावर जनावर जगेल किंवा मरेल, हे वैद्याने उच्चारावे, अशीही सूचना आहे. मंत्र आणि निरीक्षण येथे शेजारी शेजारी नांदतात. पण लक्षणांची यादी मंत्रामुळे अस्पष्ट झालेली नाही. डोळ्यांबरोबर दात आणि मान पाहणारा हा लेखक पाणावलेला डोळा हा संपूर्ण शरीराच्या विकाराचे चिन्ह असू शकतो, हे ओळखतो.

रोमन परंपरेत चित्र बदलते. गादेस, म्हणजे आजचे स्पेनमधील कादिझ, येथे जन्मलेल्या कोलुमेलाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीविषयक बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सहाव्या भागात गुरांच्या डोळ्यांची चिकित्सा आहे. डोळ्यांचे बहुतेक विकार मधाने बरे होतात, अशी त्याची भूमिका आहे. सूज असेल तर मधाच्या पाण्यात भिजवलेल्या गव्हाच्या पिठाचे पोटीस, पांढरा डाग असेल तर खनिज मिठाची बारीक पूड मधात कालवून, किंवा समुद्रातील माकुलाच्या कवचाची पूड दिवसातून तीन वेळा नळीने डोळ्यात फुंकून, असे विकारानुसार उपचार तो देतो. पाहणारा ‘मी’ येथे नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी विकारांचे वर्गीकरण आले आहे. हा ग्रंथ मळ्याच्या मालकाने वाचावा आणि त्याच्या हुकुमाने दुसऱ्याने उपचार करावा, अशा समाजातला आहे. शिवाय या परंपरेच्या मुळाशी भाषांतर आहे. कार्थेजच्या मागो या लेखकाचा कृषिग्रंथ इ.स.पू. 146 मध्ये त्या नगराचा विध्वंस झाल्यावर रोमच्या सेनेटच्या आज्ञेने लॅटिनमध्ये आणला गेला, आणि कोलुमेला मागोला कृषिविद्येचा जनक मानतो. मागोचा मूळ ग्रंथ आज नष्ट झालेला आहे.

भारतीय परंपरेत घोडा आणि हत्ती यांच्यावर स्वतंत्र शास्त्रे निर्माण झाली; शालिहोत्र आणि पालकाप्य ही नावे त्यांच्याशी जोडलेली आहेत. युद्ध आणि राजवैभव यांच्याशी असलेला त्यांचा संबंध त्यामागे आहे. गाईचे माहात्म्य विपुल वर्णिले गेले, तिच्या चिकित्सेला मात्र पुराणातील एखाद्या अध्यायापुरतीच जागा मिळाली. अग्निपुराणातील गवायुर्वेदाच्या अध्यायात शिंगांचे विकार, कर्णशूल, दंतशूल, अतिसार असे रोग सप्तमी विभक्तीत येतात आणि लगेच औषध सांगितले जाते. रोग कसा ओळखावा, हे तेथे फारसे नाही. गाईचा कान दुखतो हे कोणाला कसे कळले, या प्रश्नाचे उत्तर श्लोकाबाहेर राहते. ते ज्याच्यापाशी होते तो गुराखी ग्रंथकार नव्हता. श्लोक पाठांतरासाठी रचलेला असल्याने औषधाचे नाव टिकले आणि निरीक्षण गळून पडले.

मानवी नेत्रचिकित्सेत मात्र सूक्ष्म निरीक्षण शब्दबद्ध झालेले दिसते. सुश्रुताने शहात्तर नेत्ररोग गणले. कृष्णमंडलावरील पांढऱ्या डागाला ‘शुक्र’ ही संज्ञा देऊन त्याचे सव्रण आणि अव्रण असे भेद केले. लॅटिनमध्ये हाच डाग ‘अल्बम’, ग्रीकमध्ये ‘ल्युकोमा’. तिन्ही संज्ञांच्या मुळाशी पांढरेपणाच आहे. मराठी शेतकरी त्याला ‘फूल’ म्हणतो. रंगाऐवजी आकार आणि उमलणे त्याच्या ध्यानात आले. ठिपका मध्यभागी उमटतो आणि कडेकडे पसरतो, हे या एका शब्दात सामावलेले आहे. ग्रंथात न आलेले निरीक्षण बोलीने असे जपले.

परंतु बोलीने जपलेले सारेच हितकर नव्हते. डोळ्यात पूड फुंकण्याचा उपचार कोलुमेलाच्या ग्रंथात आहे, तसा तो भारतीय खेड्यांतही रूढ होता. मीठ किंवा चघळलेली तंबाखू फूल पडलेल्या डोळ्यात टाकली जाई. एकाने दुसऱ्याकडून तो घेतला, असे मानण्याची गरज नाही. डाग हा घासून काढण्याजोगा मळ आहे, ही समजूत दोन्हीकडे स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकते. वस्तुतः तो डाग पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या, आतला असतो. तेथे व्रण असेल तर खरखरीत पुडीने तो खोल होतो आणि प्रसंगी डोळा फुटतो. पुष्कळ डोळे आपोआप निवळतात. त्याचे श्रेय मात्र पुडीला मिळत आले.

या समजुतीला छेद देणारे निरीक्षण एका डोळ्याऐवजी संपूर्ण कळपाकडे पाहण्यातून आले. अमेरिकेतील नेब्रास्का येथे फ्रँक बिलिंग्ज यांनी 1889 मध्ये गुरांतील संसर्गजन्य नेत्रदाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. पपायरसाचा शोध त्याच वर्षीचा, आणि पुण्यात इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीची स्थापनाही त्याच वर्षीची. ही संस्था 1893 मध्ये मुक्तेश्वर येथे हलली. तत्पूर्वी 1871 मध्ये हॅलेन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने भारतातील गुरांच्या साथींचा अहवाल दिला होता. वासाहतिक शासनाचे लक्ष बुळकांडीसारख्या संहारक रोगांवर होते. बुळकांडीतही डोळे पाझरत. पण ज्या नेत्ररोगाने जनावर मरत नाही, केवळ आंधळे होते, त्याला अहवालांत फारशी जागा नव्हती. एका बैलजोडीवर जगणाऱ्या कुटुंबाचे नुकसान मृत्यूच्या आकड्यांत उमटत नाही.

जोन्स आणि लिटल यांनी 1923 मध्ये या संसर्गजन्य रोगाशी निगडित जिवाणूचे वर्णन केले. आज तो मोराक्सेला बोव्हिस या नावाने ओळखला जातो. माश्या तो एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात नेतात. प्रखर सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, धूळ आणि कोरडे गवत पारपटलाला इजा करून त्याची वाट सोपी करतात. आजचे निदान पुन्हा लक्षणांच्या क्रमवार वाचनावरच उभे आहे. एकच डोळा अचानक गळू लागला तर प्रथम कुसळ शोधावे. दोन्ही डोळे गळत असून ताप असेल तर सर्वांगीण रोगाचा विचार करावा. संधिप्रकाशात जनावर ठेचकाळत असेल तर ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव तपासावी. पापणीखाली बारीक पांढरे कृमी वळवळताना दिसले तर ते माश्यांनी आणलेले असतात. तिसऱ्या पापणीवरील वाढता मांसल गोळा कर्करोगाचा असू शकतो. व्रण आहे की नाही, हे हिरवी झाक देणाऱ्या रंगद्रव्याने ठरवले जाते आणि व्रण असल्यास स्टेरॉइडयुक्त औषध टाळले जाते. सव्रण आणि अव्रण हा सुश्रुतीय भेद येथे उपचाराचा निर्णायक निकष ठरतो. संसर्गावर प्रतिजैविके दिली जातात, आजारी जनावर वेगळे बांधून माश्यांचा बंदोबस्त केला जातो आणि उन्हापासून संरक्षणासाठी डोळ्यावर पट्टी लावली जाते. या पट्टीवरून लाहूनच्या लिननची आठवण होणे स्वाभाविक आहे; मात्र तेथील उद्देश पाझर थांबवण्याचा होता, आजचा प्रकाश अडवण्याचा. कृती सारखी असली तरी तिच्यामागील विचार निराळा आहे.

गोचिकित्सेच्या इतिहासाचे लेखन आजवर मुख्यतः औषधींच्या याद्यांवर आधारलेले राहिले आहे. त्या याद्यांतून ग्रंथांचे परस्परसंबंध कळतात, पण रोग कोणी आणि कसा पाहिला, हे कळत नाही. त्यासाठी क्रियापदे, विभक्ती, पुरुष आणि बोलीतील रोगनामे तपासावी लागतात. फूल, सारा, वडस यांसारखे शब्द कोशांत आहेत, पण ते वापरणारी पिढी विरळ होत चालली आहे. बैलाचे दुःख वाचण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या निरीक्षणाची लेखी साक्ष अनेकदा या शब्दांपुरतीच उरलेली आहे.