मूठ, भाकरी, ब्रास आणि घनमीटर

परवा दुपारी कँटीनमध्ये टीममधल्या एका मुलाने विचारलं, "तू सातारकडचा ना? मग सांग, मला दोन-चार शनिवार-रविवार तिकडे येऊन काहीतरी काम करायचंय. समाजासाठी वगैरे. कुठे जाऊ?"

मी म्हटलं, "तुला येतं काय?"

तो म्हणाला, "कोड लिहिता येतो. बाकी सांगशील ते करेन." :-)

त्या वेळी मी त्याला दोन-तीन नावं सांगून वाटेला लावलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. गावाकडचा माणूस म्हणून हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो आणि दर वेळी माझं उत्तर गुळमुळीत असतं. म्हणून या शनिवारी जरा मागे जाऊन बघायचं ठरवलं. सातारा आणि सांगली हे पूर्वी एकाच जिल्ह्याचे भाग. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. या पट्ट्यात गेल्या शंभर वर्षांत लोकांनी मोठमोठी कामं स्वतःहून अंगावर घेतली. ती कामं साध्या माणसापर्यंत पोचली तरी कशी?

सुरुवात भाऊराव पाटलांपासून करू. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. हा माणूस त्याआधी ओगल्यांच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत गावोगाव हिंडलेला. आजच्या भाषेत सेल्समधला. त्यामुळे कोणत्या गावात शाळा नाही, कोणाच्या घरात किती दाणे आहेत, हे त्यांना कागदावरून कळलेलं नव्हतं, ते स्वतः बघितलेलं होतं. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. १९२७ साली गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

पण एवढी मुलं जेवणार काय? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आमच्याकडे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. पण मला त्याहून जास्त विचार करायला लावते ती 'मुष्टिफंडा'ची पद्धत. घरच्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला ठेवायची आणि साठलेलं धान्य मुलांच्या वसतिगृहाला द्यायचं. बस्स. दागिने विकायला लक्ष्मीबाईच लागतात, ते सगळ्यांना जमत नाही. मूठभर जोंधळे मात्र गरिबातल्या गरीब घरालाही काढता येतात. देणाऱ्या बाईला सभेला जावं लागत नव्हतं की भाषण ऐकावं लागत नव्हतं. तिचं काम तिच्या स्वयंपाकघरातच होतं.

मुलांच्या वाट्यालाही माप होतं. रोज काही तास शेतात, बांधकामावर, खडी फोडायला. 'कमवा आणि शिका' म्हणतात ते हेच. १९४० साली निघालेलं महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर चाललं. म्हणजे ज्याला मदत मिळत होती तोही रिकाम्या हाताने घेत नव्हता.

आता १९४२ नंतरचा काळ. नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात याच पट्ट्यात उभं राहिलं. कुंडलला जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ गाडी अडवून सरकारी पैसा लुटला, वगैरे गोष्टी आपण थरारक म्हणून वाचतो. पण मला सांगा, भूमिगत माणूस तीन-चार वर्षं जगतो कशावर? तर कोणाच्या तरी घरच्या भाकरीवर. रात्री दार वाजलं की न विचारता दोन भाकऱ्या जास्त थापायच्या, आणि सकाळी पोलीस आले की आपल्याला काही माहीत नाही असा चेहरा करायचा. इथे माप होतं भाकरीचं. पण यात तुरुंगाची भीती होती, त्यामुळे ही भाकरी मुठीपेक्षा महाग पडायची.

नाना पाटलांची मुलगी हौसाबाई यांची गोष्ट तर अफलातून आहे. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवऱ्याने मारलेल्या बाईचं सोंग करून त्यांनी खच्चून आरडाओरडा केला. पोलीस तिकडे गुंतले आणि साथीदारांनी चौकीतली हत्यारं पळवली. त्या दिवशी त्यांच्या वाट्याला आलेलं काम मार खाण्याचं आणि मोठ्याने रडण्याचं होतं, आणि त्यांनी ते चोख केलं.

(प्रतिसरकारची दुसरी बाजूही आहे. त्यांची न्यायदान मंडळं होती, तशा कडक शिक्षाही होत्या. तळपायावर मारण्यावरून 'पत्री सरकार' हे नाव पडलं असं सांगतात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

तिसरी गोष्ट आपल्याला जास्त जवळची वाटावी. १९८२ साली मुंबईत गिरणी संप झाला. संप चिघळला तसे अनेक कामगार गावी परतले, त्यात खानापूर तालुक्यातलेही होते. सातारा-सांगलीचा नकाशा बघितलात तर लक्षात येईल, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि पूर्वेला माण, खटाव, खानापूर, आटपाडीत त्याच्या एक दशांशाच्या आसपास. दुष्काळात सरकारी कामं निघायची, ती बहुतेक खडी फोडण्याची. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी, डॉ. भारत पाटणकर त्यात पुढे होते, उलटा प्रश्न विचारला. आम्ही राबतोच आहोत, तर खडी फोडण्याऐवजी पाणी मिळेल असं काम का नाही?

येरळा नदीचं पात्र वाळूने भरलेलं. ठेकेदार ती वाळू उपसून शहरात विकायचे, मागे विहिरी आटायच्या. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवलं की मर्यादेत राहून थोडी वाळू आपणच विकायची आणि त्या पैशातून आपलं धरण बांधायचं. तेच 'बळीराजा स्मृती धरण'. वाळू ब्रासवर मोजतात, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, त्यामुळे किती गेली आणि किती पैसे आले हे गावातल्या कोणालाही कळत होतं. परवानगीसाठी सरकारशी भांडावं लागलं. के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकार अभियंत्याने तांत्रिक बाजू सांभाळायला मदत केली. पुण्या-मुंबईचे विद्यार्थी आणि कार्यकर्ते श्रमदानाला आले, काहींनी पैसे दिले. पण सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे धरण बांधण्याआधीच पाण्याची वाटणी ठरली. पाणी जमिनीच्या मापावर नाही, घरटी सारखं. भूमिहीनालाही हक्क. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही!

ऊसपट्ट्यात राहून हे ठरवायला काय धाडस लागतं, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल.

चौथी गोष्ट अगदी अलीकडची, तुमच्यापैकी काहींनी यात घाम गाळला असेल. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. २०१६ साली पहिल्यांदा वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीन तालुके त्यात होते, आणि साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. २०१८ ला माण तालुक्यातल्या टाकेवाडीने बाजी मारली. आधी गावातल्या माणसांना प्रशिक्षण, मग आखणी, मग डोंगरउतारावर चर खणायचे. इथे माप घनमीटरचं. एक घनमीटर खड्डा म्हणजे एका भरणीला हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे दहा घनमीटर. शहरातला माणूस १ मे च्या महाश्रमदानाला गेला, हाताला फोड आले, तरी संध्याकाळी आपण नक्की काय केलं हे त्याला लिटरमध्ये सांगता येत होतं.

टीकाही झाली, आणि ती वाजवी होती. बरंचसं खोदकाम यंत्रांनीच झालं. मुख्य म्हणजे पाणी मुरलं तरी पुढे उपसणार कोण? ज्याची विहीर खोल आणि पंप मोठा, तो. फावडं सगळ्यांनी मारायचं आणि ऊस एकाचा, असं झालं तर पुढच्या वर्षी फावडं धरायला कोण येईल? बलवडीच्या लोकांनी हा प्रश्न तीस वर्षं आधी सोडवून ठेवला होता, पण तो धडा आपण तिथेच ठेवून आलो.

आता कँटीनमधल्या प्रश्नाकडे येतो.

या चारही वेळा काम शोधत फिरणाऱ्या माणसाला काम सापडलं, असं झालेलं नाही. आधी तिथल्या कोणीतरी मोठ्या कामाचे इतके लहान तुकडे केले की एक तुकडा कोणालाही उचलता यावा. मूठ, भाकरी, ब्रास, घनमीटर. आपल्या धंद्यात आपण हेच करतो. नवा मुलगा टीममध्ये आला की त्याला अख्खी सिस्टिम देत नाही, एक लहानसा बग देतो. पण त्यासाठी सिस्टिम ओळखणारा, हिशेब ठेवणारा कोणीतरी आधीपासून तिथे बसलेला असावा लागतो. तो नसेल तर आपण शनिवारी जातो, फोटो काढतो आणि गावातल्या चार जणांचा दिवस आपल्या जेवणखाण्याची सोय करण्यात घालवून परत येतो. हे मी कोणाला नावं ठेवायला लिहीत नाही. मीच एकदा हे केलंय. त्या दिवशी आम्ही सात जणांनी मिळून जेवढं काम केलं, त्यापेक्षा जास्त काम आम्हाला वाढणाऱ्या मावशींनी केलं होतं.

म्हणून आता त्या मुलाला मी असं सांगणार आहे. गावाचं नाव शोधू नकोस, आधी तुकडे करणारा माणूस शोध. तो शाळेत असेल, वाचनालयात असेल, पाणीवापर संस्थेत असेल. त्याला विचार, की तुमचं कोणतं काम अडलंय आणि त्यातला माझ्या हाताएवढा तुकडा कोणता? कदाचित तो फावडं देणारच नाही. विहिरींच्या पातळीच्या वहीतले आकडे कॉम्प्युटरवर चढवायला देईल. कंटाळवाणं काम आहे, फोटोही चांगला येत नाही, पण ते कर. आणि अजून एक विचार, जरा धीर करून विचार... हे झाल्यावर मिळेल ते कोणाकोणाला मिळणार?

दुसऱ्या प्रश्नाला बलवडीसारखं उत्तर मिळालं, तर मला फोन कर. मीपण येतो.

असो. सोमवारी त्याला गाठून सांगतो. येताना कंदी पेढे आण म्हणेल, ते वेगळं!